मोडलेल्या मोटारीची नोंद : विम्याच्या वर्गवारीचा इतिहास



आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविलेल्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी मोटारगाड्यांच्या विम्याचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु माझा खरा विषय मोटार हा नाही. नोंद हा आहे. एखादी वस्तू मोडते, तेव्हा ती किती मोडली हे कोण ठरवितो, ते कोणत्या शब्दांत लिहिले जाते, आणि ते लिहिलेले पुढे कोणाला वाचावयास मिळते, या तीन प्रश्नांचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बडोद्यात हा विषय परका ठरू नये. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ याच नगरीत सयाजीराव महाराजांच्या सेवेत घालविला आणि पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्या दप्तरातील कारकुनाने हिशेब लिहिला तो आपल्या धन्यासाठी. शेकडो वर्षांनी कोणी परका माणूस तो वाचील आणि त्यावरून त्या काळाचे सत्य शोधील, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. नोंद ज्याच्यासाठी केली जाते आणि पुढे ज्याला तिची गरज भासते, ते दोघे बहुधा निराळे असतात. मोडलेल्या मोटारीच्या नोंदीचा इतिहास म्हणजे या दोघांमधील अंतराचा इतिहास होय.

आणेवारीची ओळख

नुकसानीची प्रतवारी ही काही पाश्चात्त्यांनी आपणांस शिकविलेली गोष्ट नव्हे. 'प्रतवारी', 'आणेवारी' हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी कित्येक पिढ्या आहेत. इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या जमीनमोजणीचा आरंभ केला, तेव्हा जमिनीची प्रत आण्यांत मांडली गेली. पिकाचेही तसेच. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. त्याहून कमी आले की किती आणे आले ते ठरवावयाचे. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणि महाराष्ट्रात पन्नास पैशांच्या आत पैसेवारी उतरली की टंचाईच्या सवलती लागू होऊ लागल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेतात उभे असलेले वाळके पीक ही वस्तुस्थिती. पण 'अठ्ठेचाळीस पैसे' हा निर्णय. अठ्ठेचाळीस आणि बावन्न या दोन आकड्यांतील फरक शिवारात उभे राहून डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो सरकारी तिजोरीत. वर्गवारी वरवर वस्तूचे वर्णन करते. आतून मात्र ती कोणी कोणाला किती द्यावयाचे याचा निकाल देत असते. विम्यातील वर्गवारी नेमकी याच जातीची आहे.

समुद्रावरील मूळ

मोटारीच्या विम्याची परिभाषा रस्त्यावर जन्मली नाही. ती समुद्रावर जन्मली. वादळात सापडलेले जहाज हलके करण्यासाठी एखाद्या व्यापाऱ्याचा माल पाण्यात फेकावा लागला, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी ती हानी वाटून घ्यावी, हा ऱ्होड्‌स बेटाचा म्हणून ओळखला जाणारा प्राचीन नियम इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या विधिसंग्रहात आला आहे. अरबी भाषेत खोटीला, मालाच्या नासाडीला 'अवार' म्हणत. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर तो शब्द इटालियन आणि फ्रेंच भाषांत गेला, आणि तेथून इंग्रजीत त्याचे 'ॲव्हरेज' झाले, असे व्युत्पत्तिकार मानतात. या शाळेतील मुले गणिताच्या तासाला ज्याला 'सरासरी' म्हणतात, त्याच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी बिघडलेला माल आणि सर्वांनी वाटून घेतलेले नुकसान आहे.

आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर 'जोखमी हुंडी' चालत असे. माल सुखरूप पोचला तरच तिची रक्कम द्यावयाची; वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. तिच्यात मोडतोडीच्या पायऱ्या नव्हत्या. माल आला किंवा आला नाही, एवढीच वर्गवारी.

पायऱ्या आल्या त्या लंडनमध्ये. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजमालक आणि विमेकरी जमू लागले. १७६० मध्ये तेथील गिऱ्हाइकांनी जहाजांची नोंदवही ठेवण्यासाठी मंडळी स्थापन केली. १७६४ च्या नोंदवहीत जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू या पाच स्वरांपैकी एक, आणि त्याच्या साजसरंजामाला चांगला, मध्यम किंवा वाईट असा शेरा दिलेला आढळतो. पुढे त्यातूनच उत्तम या अर्थी 'ए-वन' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्याच लॉइड्‌समध्ये बुडालेल्या जहाजांची एक वही आहे. तीत पिसाच्या लेखणीने नोंद करण्याचा प्रघात १७७४ पासून चालत आला आहे. एका वहीत जिवंत जहाजाची प्रत आणि दुसऱ्या वहीत मेलेल्या जहाजाचे नाव, अशी ही व्यवस्था होती. या दोन्ही वह्या ज्यांचा पैसा पणाला लागला होता त्यांच्यासाठी होत्या; डेकवर झोपणाऱ्या खलाशासाठी नव्हत्या.

ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने हानीचे प्रकार पक्के केले : अंशतः हानी, प्रत्यक्ष संपूर्ण हानी आणि मानीव संपूर्ण हानी. यांतील 'मानीव' हा शब्द महत्त्वाचा. जहाज डोळ्यांपुढे उभे असते, कदाचित तरंगतही असते. पण दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर ते गेले असे मानावयाचे. स्वतंत्र भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यानेही हीच विभागणी स्वीकारली.

जमिनीवरचे जहाज

लॉइड्‌समध्ये मोटारीचा पहिला विमा १९०४ मध्ये उतरविला गेला. त्या वेळी विमेकऱ्यांपाशी शब्द होते ते जहाजाचे. म्हणून ती मोटार 'कोरड्या भूमीवर संचार करणारे जहाज' म्हणून नोंदविली गेली, असे सांगतात. कथा थोडी रंगविलेली असेल, पण तिच्यातील तथ्य खरे आहे. मोटारीला विम्याची भाषा जहाजाकडून वारसाहक्काने मिळाली. मानीव संपूर्ण हानी, वाचलेल्या अवशेषांना 'सॅल्व्हेज' हे नाव, तपासणीस येणारा 'सर्व्हेयर', हे सारे बंदरावरून रस्त्यावर आले.

आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा ठरविला, आणि ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमासंस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. मात्र सक्ती होती ती दुसऱ्याला झालेल्या इजेपुरती. स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीचा विमा ऐच्छिकच राहिला, आणि आजही आहे. म्हणजे जिच्या मालकाने तो उतरविला नाही, त्या गाडीची मोडतोड विम्याच्या कागदावर येतच नाही. दप्तरातील पहिली पोकळी ही अशी.

सर्व्हेयरचा कागद

१९६८ च्या दुरुस्तीने १९३८ च्या विमा कायद्यात ६४ यूएम हे कलम आले. वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेयरच्या अहवालावाचून चुकता करू नये, असे त्याने ठरविले. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. पण तत्त्व तेच राहिले. ज्याला पैसे द्यावयाचे तो आणि ज्याला घ्यावयाचे तो, या दोघांखेरीज तिसऱ्या जाणत्या माणसाने नुकसान पाहून लिहावे, हे ते तत्त्व.

माझा एक जुना विद्यार्थी या व्यवसायात आहे. त्याने मला आपला अहवाल कसा लिहितात ते दाखविले, आणि मी तो एखाद्या ऐतिहासिक पत्राप्रमाणे वाचला. आरंभी गाडीचा नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात. शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत याहून फारशी निराळी नाही! मग अपघात कसा झाला याचे मालकाने दिलेले कथन, आणि दिसणारी मोडतोड त्या कथनाशी जुळते की नाही याचा विचार. ताज्या चुरगळ्याची कड चकाकते. जुन्या जखमेवर गंज चढलेला असतो, धूळ बसलेली असते. ज्या वस्तूवर गाडी आदळली म्हणतात तिची उंची आणि पत्र्यावरील खुणेची उंची जुळावी लागते. ही साधनचिकित्साच नव्हे काय?

त्यापुढे रकाने येतात. भागाचे नाव, गॅरेजने दिलेला अंदाज, सर्व्हेयरने मान्य केलेली रक्कम, घसारा, मजुरी, आणि शेवटी सॅल्व्हेजची वजावट. घसाऱ्याचे कोष्टक १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या भारतीय मोटार दरपत्रकात बांधून दिलेले आहे. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. लोखंडी व इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षाच्या आत ५, दोन वर्षांच्या आत १०, आणि असे चढत दहा वर्षांनंतर ५० टक्के. १ जानेवारी २००७ पासून विम्याचे दर दरपत्रकाच्या बंधनातून मोकळे झाले, घसारा न कापणारी जादा हप्त्याची पत्रेही निघाली. पण मूळ विमापत्राची शब्दरचना बव्हंशी तीच राहिली. अहवालाच्या तळाशी 'कोणाच्याही हक्कास बाध न येता' अशा अर्थाचे इंग्रजी वचन असते. म्हणजे मी पाहिले ते लिहिले, पण यावरून पैसे देण्याचे बंधन कोणी गृहीत धरू नये!

एकच जखम, दोन निदाने

त्याच दरपत्रकाने एक उंबरठा घालून दिला. गाडी परत आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च विमापत्रातील घोषित किमतीच्या, जिला व्यवहारात आयडीव्ही म्हणतात तिच्या, ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी मानीव संपूर्ण हानी, म्हणजे लोकांच्या बोलीत 'टोटल लॉस', समजावयाची.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या आहेत. एक नवी, आयडीव्ही ८ लाख रुपये, आणि दुसरी जुनी, आयडीव्ही अडीच लाख. दोघींना सारखाच मार बसला आणि प्रत्येकीच्या दुरुस्तीचा अंदाज २ लाख आला. पहिलीचे प्रमाण २५ टक्के. ती दुरुस्त होऊन रस्त्यावर येईल आणि तिच्या कागदावर 'दुरुस्ती' असे राहील. दुसरीचे प्रमाण ८० टक्के. ती टोटल लॉस. पत्रा तोच, वाकलेला दांडा तोच, धोकाही तोच; पण एक जिवंत आणि दुसरी मृत. उलट एखाद्या महागड्या नव्या गाडीचा सांगाडा खोलवर वाकला, तरी ती उंबरठ्याच्या अलीकडेच राहू शकते. तात्पर्य, 'टोटल लॉस' हे शब्द गाडीच्या शरीराविषयी फार थोडे सांगतात. ते तिच्या किमतीविषयी सांगतात. शिवारातील अठ्ठेचाळीस पैशांचीच ही रस्त्यावरची आवृत्ती.

आणखी एक मौन येथे सांगितले पाहिजे. वर्षभर दावा न करणाऱ्यास पुढील हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत. ही सूट राखण्यासाठी शहाणा मालक लहानसहान मोडतोड पदरच्या पैशाने दुरुस्त करून घेतो. त्यात त्याचे काही चुकते असे नाही. पण परिणाम असा की, विम्याचे दप्तर कोरे असणे म्हणजे गाडीला कधी धक्का लागला नाही, असे नव्हे. दप्तरातील मौनालाही कारण असते, आणि ते कारण शोधल्यावाचून मौनाचा अर्थ लावू नये, हा इतिहासाचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

अक्षरे बदलतात

विमा कंपनी टोटल लॉसचे पैसे देते आणि अवशेष विकले जातात. विकत घेणारा ते दुरुस्त करून पुन्हा विकू शकतो. येथे प्रथमच त्या अनोळखी माणसाचा प्रवेश होतो, ज्याच्यासाठी नोंद केलेलीच नव्हती. तो म्हणजे जुनी गाडी घेणारा गिऱ्हाईक.

ब्रिटनमधील विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे चार वर्ग केले होते. 'ए' म्हणजे संपूर्ण चिरडून टाकावयाची, एकही भाग काढावयाचा नाही. 'बी' म्हणजे सांगाडा चिरडावयाचा, पण उपयोगी भाग काढून घेण्यास हरकत नाही. 'सी' म्हणजे दुरुस्त होण्याजोगी, परंतु खर्च किमतीहून अधिक. 'डी' म्हणजे खर्च किमतीहून कमी, तरी कंपनीने दुरुस्त न करण्याचे ठरविलेली. पहिले दोन वर्ग गाडीच्या शरीराविषयी बोलतात. नंतरचे दोन केवळ हिशेबाविषयी. गिऱ्हाइकाला 'सी' आणि 'डी' यांवरून गाडीचा कणा वाकला होता की नुसती दारे चेपली होती, हे कळत नसे.

१ ऑक्टोबर २०१७ पासून ही अक्षरे बदलली. 'ए' आणि 'बी' राहिले; 'सी' आणि 'डी' गेले. त्यांच्या जागी 'एस', म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, आणि 'एन', म्हणजे सांगाड्याला इजा नसलेली, असे वर्ग आले. 'एन' म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे. ब्रेक वा स्टिअरिंग बिघडलेली गाडीही त्यात येऊ शकते. तरीही माझ्या मते या इतिहासातील हे मोठे वळण आहे. दोनअडीचशे वर्षे विमेकऱ्याच्या खिशाकडे पाहून बोलणारे अक्षर प्रथमच पुढील चालकाच्या जिवाकडे पाहून बोलू लागले.

अमेरिकेत प्रश्न निराळा होता. तेथे गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' असा शिक्का मारतात. पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. एका राज्यात शिक्का बसलेली गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवून शिक्का पुसून घेणे हा धंदाच झाला. त्याला 'मालकीपत्र धुणे' असे म्हणत. १९९२ च्या कायद्याने सर्व राज्यांची एकत्र नोंद ठेवण्याची योजना झाली. पण विमा कंपन्यांनी आणि भंगारवाल्यांनी तीत नियमाने माहिती देणे २००९ मध्ये सुरू झाले. मधल्या सतरा वर्षांत किती शिक्के धुतले गेले असतील!

२००५ हे वर्ष या बाबतीत बोलके आहे. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि २९ ऑगस्टला कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडविले. दोन्ही शहरांत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अमेरिकेत विमाउद्योगाच्या गुन्हेप्रतिबंधक संस्थेने बुडालेल्या गाड्यांचे क्रमांक लोकांना तपासता येतील अशी सोय केली. मुंबईतील बुडालेल्या गाड्यांची अशी यादी सामान्य गिऱ्हाइकापुढे आली नाही.

आपल्या दारातील प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस आपल्या विश्वामित्रीला आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. सोसायट्यांच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पुरातील गाडीची पाहणी करताना पाणी कोठवर चढले हे पाहतात : पायांखालच्या गालिच्यापर्यंत, आसनापर्यंत की डॅशबोर्डापर्यंत. बुडालेली गाडी सुरू करून पाहिल्याने इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते पुढील नुकसान साध्या विमापत्रात बसत नाही, असे कंपन्या म्हणतात. अपघाताचा मार निदान पत्र्यावर दिसतो. पुराचे पाणी धुऊन, वाळवून, अत्तर शिंपडून लपविता येते. तारांच्या जोडांतील गंज मात्र महिन्यांनी बोलतो, आणि तोवर गाडीचा धनी बदललेला असतो.

आपल्या नोंदणीपुस्तकात मालक कोण आणि बोजा कोणत्या बँकेचा, एवढे कळते. मोडतोडीचा रकाना त्यात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की, वाहन नष्ट झाले वा कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे. पण टोटल लॉस म्हणजे नाश नव्हे. तो मानीव नाश आहे. दुरुस्त होऊन पुन्हा धावणारी गाडी या कलमाच्या जाळ्यातून सहज निसटते. त्याहून वाईट म्हणजे, खरोखर मेलेल्या गाडीची कागदपत्रे तिच्यासारख्याच चोरलेल्या गाडीला चिकटविली जातात. अशी प्रकरणे पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणली आहेत. ब्रिटनने याच चोरीला आळा घालण्यासाठी २००३ पासून २०१५ पर्यंत दुरुस्त गाड्यांच्या ओळखतपासणीची पद्धत चालविली होती.

विमा कंपन्यांच्या दाव्यांची माहिती एकत्र करण्यासाठी २००९ मध्ये हैदराबादेत विमा माहिती केंद्र स्थापन झाले, ही चांगली गोष्ट आहे. म्हणजे माहिती नाही असे नाही. सर्व्हेयरने पाहिले आहे, लिहिले आहे, ठसा घेतला आहे, छायाचित्रे जोडली आहेत. उणीव एवढीच की तो कागद पैसे देणाऱ्याच्या कपाटात आहे, आणि जीव धोक्यात घालणारा बाजारात उभा आहे. टोटल लॉस ठरलेल्या प्रत्येक गाडीची नोंद कंपनीने थेट नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी, सांगाड्याची इजा आणि पाण्याची उंची हे दोन शब्द तीत असावेत, आणि ती कोणाही खरेदीदारास पाहता यावी, असे मला वाटते. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. जुन्या कागदाचा पत्ता बदलावा लागतो.

नोंद उघडी झाली तर काय घडते याचे एक उदाहरण देतो. व्होल्वो कंपनीने १९६७ मध्ये स्वीडनमधील २८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तीन ठिकाणी बांधणारा आसनपट्टा माणसाचा जीव वाचवितो हे त्यातून सिद्ध झाले. १९५९ मध्ये निघालेल्या त्या पट्ट्यावर विश्वास ठेवावयास जगाला जो पुरावा हवा होता, तो मोडलेल्या मोटारींनीच दिला. ज्याने त्या २८,००० नोंदींपैकी एक भरली, त्याला कोणाचा प्राण वाचणार आहे हे ठाऊक नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी सर्व्हेयर, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. तुम्हा सर्वांना रकाने भरावे लागतील, आणि प्रत्येक रकाना कोणा धन्याच्या सोयीसाठी आखलेला असेल. तो धन्याला हवा तसा भराच; ते तुमचे काम आहे. पण जेथे पाहिलेले सत्य रकान्यात मावत नाही, तेथे शेऱ्याच्या जागी एक ओळ अधिक लिहा. ती वाचणारा तुम्हाला कधी भेटणार नाही. पण त्याचे मूल त्या गाडीत मागच्या आसनावर बसलेले असेल.